‘तीस काढ’ म्हणजे नक्की काय?

आम्ही हमरापूरच्या बाया बोलतोय. पेण तालुक्यातलं हमरापूर. पनवेलहून रोह्याच्या गाडीत बसलात तर जिते गेलं की आमचं स्टेशन लागतं, त्याच्या पुढचं पेण. हायवेने आलात तर हमरापूर फाट्यावर उतरायचं. गावात शिरल्यावर आमचं काम काय ते कुणाला विचारावं लागत नाही. अंगणात, पडवीत, पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे बघाल तिथे गणपती. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत, दादर, या सगळ्या पट्ट्यात हाच धंदा. तुमच्याकडे गणपती भादव्यात येतात, आमच्याकडे ते बारा महिने बसलेलेच असतात.

आमचा गट अकरा जणींचा. आम्ही कारखानदाराकडून कच्ची मूर्ती घेतो, म्हणजे न रंगवलेली. ती पॉलिश पेपरने घासायची, अंगाचा रंग मारायचा, पितांबर, शेला, मुकुट, दागिने करायचे, आणि शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी आमच्यात तिघींनाच जमते. बाकीच्या आठ जणींनी मूर्ती कितीही सुंदर रंगवली तरी ती या तिघींच्या हातून गेल्याशिवाय देव होत नाही.

आज आम्ही बोलणार आहोत एका इंग्रजी शब्दाबद्दल. शब्द आहे ‘नॉक ऑफ’. तुम्ही म्हणाल, पापड-लोणची, शेळीपालन, बँकेचं कर्ज हे सोडून या बायांनी इंग्रजी कुठून काढलं? तर ऐका. या दोन अक्षरी शब्दापायी आमच्या गटाच्या साठ मूर्ती माळ्यावर जाऊन बसल्या होत्या. सातशे रुपयांना एक, म्हणजे बेचाळीस हजारांचा माल.

गोष्ट 2023 सालची. इंग्लंडात राहणाऱ्या एका मराठी माणसाची आम्हाला ऑर्डर होती. बारा इंची शाडूच्या मूर्ती, 120 नग. परदेशचा माल बोटीने जातो, म्हणून तो उन्हाळ्यातच हातावेगळा करावा लागतो. माणूस चांगला. फोनवर बोलायचा तेव्हा शुद्ध मराठीत, ‘ताई, ताई’ करून. पण मेसेज करायचा तो इंग्रजीत. त्यांच्या बोटांना तीच सवय. विसार म्हणून वीस हजार आधी दिले होते. आम्ही बाकीचं गटाच्या कर्जातून भागवलं.

एप्रिलमध्ये एक दिवस मेसेज आला. तो आम्हाला आता पाठच झालाय: ‘ताई, कॅन यू नॉक ऑफ थर्टी ऑफ द ट्वेल्व्ह इंच? डिस्पॅच ऑन ट्वेंटिएथ.’

थर्टी कळलं, ट्वेल्व्ह इंच कळलं, वीस तारीख कळली. मधलं ‘नॉक ऑफ’ अडलं. फोनमधल्या भाषांतराला विचारलं तर ते काहीतरी ठोकण्याचं सांगायला लागलं. आमची काकी म्हणाली, ‘काय गो, गणपती ठोकायला सांगतोय का काय हा?’ आम्ही पोट धरून हसलो. तेव्हा हसायला येत होतं.

मग एकीच्या भाच्याला फोन लावला. तो पनवेलला ऑफिसात असतो, दिवसभर इंग्रजीत बोलतो. तो घाईत होता. म्हणाला, ‘मावशी, नॉक ऑफ म्हणजे पटापट करून टाकायचं. फटाफट उरकायचं.’ झालं. तीस पटापट करून टाकायच्या, वीस तारखेच्या आत. म्हणजे 120 अधिक 30, दीडशे. आम्हाला आनंदच झाला. लगेच कारखान्यातून तीस कच्च्या मूर्ती उचलल्या, अडीचशे रुपयांना एक, साडेसात हजार रुपये. आठ रात्री जागलो. घरी जावांनी, सुनांनी चुली सांभाळल्या. आखणीवाल्या तिघींचे डोळे लाल झाले.

वीस तारखेला गाडी आली. गाडीबरोबरच्या माणसाच्या कागदावर आकडा होता 90.

फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, ‘अहो ताई, तीस कमी करायला सांगितल्या होत्या ना मी.’

आता सांगा, चूक कुणाची? त्या वेळी आम्ही भाच्याला खूप बोललो. बिचाऱ्याने दोन महिने तोंड दाखवलं नाही. पण नंतर कळलं ते असं की भाचा खोटं बोलला नव्हता. ‘नॉक ऑफ’चा पटापट करून टाकणं हाही अर्थ होतो. आणि कमी करणं हाही होतो. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ, आणि आमच्या कामात दोन्ही एकमेकांच्या उलटे.

हे आम्हाला समजावलं गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेने. आम्ही त्यांना बाईच म्हणतो. त्यांच्याकडे आम्ही तक्रार घेऊन गेलो, की इंग्रजी ही काय भाषा आहे का? एकाच शब्दाने तीस वाढवायचेही आणि तीस घटवायचेही? बाई हसल्या. म्हणाल्या, ‘तुमच्या कारखान्यात शेठ ओरडला, अरे तीस काढ, तर तुम्ही काय करता?’

आम्ही गप्प. कारण खरंच की. साच्याजवळ उभं असताना शेठ ‘तीस काढ’ म्हणाला तर साच्यातून तीस नग काढायचे, म्हणजे बनवायचे. आणि गाडी भरताना खोक्यांपाशी उभा राहून ‘तीस काढ’ म्हणाला तर गाडीतले तीस उतरवायचे. शब्द तोच. ‘काढ’. आम्ही जन्मात कधी गोंधळलो नाही, कारण शेठ कुठे उभा आहे ते दिसत असतं.

आणि ‘काढणे’ तरी किती अर्थांचं बघा. आपण रांगोळी काढतो, म्हणजे करतो. डाग काढतो, म्हणजे घालवतो. कर्ज काढतो, म्हणजे घेतो. दिवस काढतो, झोप काढतो, आठवण काढतो, खोडी काढतो, भांडण काढतो, एखाद्यावर राग काढतो. परक्या मुलुखातली बाई मराठी शिकायला बसली तर ती डोकं धरील. आपल्याला कुणी यादी करून शिकवलं नाही, आईच्या कडेवर शिकलो. ‘मारणे’ही तसंच. आम्ही दिवसभर गणपतीला रंग मारतो, त्यात मारामारी कुठे असते?

इंग्रजीत असे शब्द ढिगाने आहेत. एक साधं क्रियापद घ्यायचं आणि त्याला अप, ऑफ, आउट, ऑन असं एखादं शेपूट लावायचं. शेपूट लागलं की अर्थ बदलतो. आपण ते रोज वापरतोही. फोन स्विच ऑफ येतो. पोरीच्या कॉलेजची कट ऑफ लागते. लग्नात नवरीचा मेकअप होतो, आमच्या मूर्तीला टचअप होतो. नाटक संपलं की पॅकअप. ही सगळी त्याच कुळातली मंडळी, फक्त आपण त्यांना मराठी करून घेतलंय.

‘नॉक’ म्हणजे ठोकणं, टकटक करणं, धक्का मारणं. ‘ऑफ’ आपल्याला दुकानाच्या पाटीवरून माहीत आहे. साडीवर वीस टक्के ऑफ. बाजूला गेलं, सुटलं, निघालं, असा त्याचा भाव. दोन्ही जोडून सरळ अर्थ होतो धक्का मारून पाडणं. मांजराने फळीवरचा रंगाचा डबा पाडला, तर कॅट नॉक्ड द टिन ऑफ द शेल्फ. इथपर्यंत सोपं आहे. इथून पुढे शब्दाला पाय फुटतात.

किंमत कमी करणं हा रोजच्या व्यवहारातला अर्थ, आणि धंदा करणाऱ्या बाईला सगळ्यात आधी हाच माहीत हवा. आम्हाला तो कसा कळला ते सांगतो, कारण त्यात आमची फजिती आहे.

त्या साठ मूर्ती आम्ही माळ्यावर चढवल्या होत्या. 2023 ला अधिक श्रावण आला, गणपती बसले 19 सप्टेंबरला. म्हणजे अख्खा पावसाळा त्या मूर्ती आमच्या डोक्यावर. शाडूला दमट हवा सोसत नाही. आम्ही त्यांना प्लास्टिकमध्ये गुंडाळायचो, ऊन पडलं की उघडायचो, पुन्हा गुंडाळायचो. ऑगस्टपासून मुंबईची माणसं सुट्टीच्या दिवशी गाडी करून थेट हमरापूरला मूर्ती बघायला येतात, तेव्हा आम्ही त्या पडवीत मांडल्या. एक जोडपं आलं. नवऱ्याने मूर्ती पसंत केली आणि आमच्या जाऊबाईंना म्हणाला, ‘वहिनी, नॉक ऑफ टू हंड्रेड ना.’

जाऊबाई पांढऱ्या पडल्या. आत आल्या आणि म्हणाल्या, ‘तो दोनशे नग मागतोय!’

तो बिचारा दोनशे रुपये कमी करा म्हणत होता. सातशेची पाचशेला मागत होता. हे कळेपर्यंत जाऊबाईंनी ‘इतक्या लगेच नाही जमणार’ असं सांगून टाकलं होतं, आणि त्याला वाटलं बाई भावाला पक्की आहे. त्याने साडेसहाशेला घेतली. तेव्हा कधीकधी न कळल्याचा फायदाही होतो, पण त्यावर धंदा चालत नाही.

बाईंनी आम्हाला एक खूण सांगितली. ‘नॉक ऑफ’ आलं की त्याच्या आजूबाजूला बघायचं. पैशाचा आकडा किंवा प्राइस, बिल असा शब्द असेल तर भाव कमी करायचा. मागे ‘फ्रॉम द ऑर्डर’ असेल तर नग कमी करायचे. वेळ असेल, म्हणजे ‘ॲट सिक्स’ असं काही, तर काम थांबवून घरी जायचं. हो, सुट्टी करणं, काम बंद करणं हाही एक अर्थ. तोच बराच जुना, इंग्रजीत तो सतराव्या शतकापासून आहे म्हणतात. ‘वुई नॉक ऑफ ॲट सिक्स’ म्हणजे आमची सहाला सुट्टी होते. आमच्या गटात हे वाक्य सगळ्यांना लगेच पाठ झालं, आणि आमची सुट्टी कधीच सहाला होत नाही.

पटापट करून टाकणं या अर्थाच्या वेळी पुढे बहुतेक वस्तू असते आणि वेळेचा हिशेब असतो. ‘तिने तासाभरात चार मूर्ती नॉक ऑफ केल्या.’ पण या अर्थात एक खोच आहे, आणि ती भाच्याने सांगितली नव्हती. यात काम झटपट झाल्याचं जेवढं आहे, तेवढंच ते फार जीव न ओतता झाल्याचंही आहे. उरकलं, हाणलं, असं. आखणीचं काम कुणी नॉक ऑफ करत नाही. करूही नये. एका डोळ्याची रेघ भुवईकडे केसभर जास्त गेली तर गणपती रागावलेला दिसतो.

क्रिकेट बघणाऱ्यांना आणखी एक माहीत असेल. समालोचन करणारे म्हणतात, उरलेल्या धावा नॉक ऑफ केल्या. म्हणजे हव्या होत्या तेवढ्या काढल्या. बघा, आपणही धावा ‘काढतो’च! 2 एप्रिल 2011 ला वानखेडेवर विश्वचषकाचा शेवटचा सामना झाला, भारताला 275 करायच्या होत्या, त्या दहा चेंडू राखून नॉक ऑफ केल्या. आमच्या घरच्या पुरुषांना हा अर्थ असा समजावला की लगेच कळतो. भाव कमी करण्याचा समजायला त्यांना वेळ लागतो.

‘नॉक इट ऑफ!’ हे मात्र वेगळं प्रकरण. इथे ‘इट’ मध्ये बसतं आणि सगळा अर्थ बदलतो. पुरे झालं, बंद कर हे, मस्ती थांबव. दंगा करणाऱ्या पोराला आई म्हणते तसं. रागाने म्हटलेलं असतं. आणि ते ‘इट’ मधेच हवं. ‘नॉक ऑफ इट’ असं होत नाही. पैशाचा आकडा मात्र मधे किंवा मागे, कुठेही चालतो. ‘नॉक फिफ्टी ऑफ’ म्हणा नाहीतर ‘नॉक ऑफ फिफ्टी’ म्हणा, पन्नास रुपये आपलेच जायचे.

इंग्रजी सिनेमात हाच शब्द चोरीला आणि खुनालाही वापरतात. कुणाला तरी नॉक ऑफ केलं म्हणजे उडवलं. आपणही म्हणतोच की, पाकीट उडवलं, माणूस उडवला. आम्हाला त्याचा उपयोग नाही, पण पोरं टीव्ही बघताना विचारतात म्हणून सांगितलं.

आता ज्या अर्थाने आम्हाला सगळ्यात जास्त लागलं तो.

त्याच ऑगस्टमध्ये एक बाई आपल्या कॉलेजातल्या मुलीला घेऊन आली होती. आमच्याकडे एक मूर्ती होती, आम्ही तिला लालबाग पॅटर्न म्हणतो. मूर्तीच्या धंद्यात अशीच नावं चालतात, लालबाग, दगडूशेठ, टिटवाळा. गिऱ्हाईक त्याच नावाने मागतं. ती मुलगी मूर्तीकडे बघून आईला म्हणाली, ‘इट्स अ नॉक-ऑफ.’ आम्हाला वाटलं कमी करा म्हणतेय. आमच्यातली एक पुढे होऊन हसत म्हणाली, ‘पन्नास कमी करू ना, घ्या तुम्ही.’ त्या आईचा चेहरा कसानुसा झाला. तिने मुलीला डोळ्यांनी दटावलं, भाव न करता दुसरी मूर्ती घेतली आणि निघून गेली.

बाईंना विचारलं तेव्हा कळलं. ‘नॉक-ऑफ’ असं एकत्र, वस्तूचं नाव म्हणून आलं की त्याचा अर्थ स्वस्तातली नक्कल. मोठ्या कंपनीच्या पर्ससारखी दिसणारी दोनशे रुपयांची पर्स, ती नॉक-ऑफ. हा अर्थ तसा नवा, 1960 च्या दशकापासून रूढ झालेला. झटपट उरकलेलं काम या अर्थातूनच तो निघाला असं सांगतात.

त्या रात्री आमच्यात वाद झाला. मूर्ती नक्कल आहे म्हणाली म्हणून काय झालं, आहेच की, असं दोघी-तिघींचं म्हणणं. लालबागचं मंडळ 1934 चं. तिथली मूर्ती कांबळी घराणं पिढ्यान्‌पिढ्या घडवत आलंय. ती बैठक, तो थाट त्यांच्या हातचा. आपण साच्यातून आलेली मूर्ती रंगवतो आणि लालबागचं नाव सांगून विकतो, मग मुलगी चुकीचं काय बोलली?

काकी मात्र चिडली. ती आखणीवाली. तिचं म्हणणं, नक्कल करणारा ते लपवतो, खोटं खरं म्हणून खपवतो. आपण कुणाला हा खरा लालबागचा आहे असं सांगत नाही. पॅटर्न सांगतो. आणि साचा एकच असला तरी डोळे साच्यातून येत नाहीत. एकाच साच्याच्या वीस मूर्ती रांगेत ठेवा, काकी तिने आखलेल्या बरोबर बाजूला काढून दाखवते. आम्ही तिला तसं करताना बघितलंय. मग ती नक्कल कशी?

हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही. आम्हाला स्वतःला असं वाटतं की दोघींचंही थोडं थोडं खरं आहे. पण एक झालं. त्यानंतर काकीने गटाला दोन मूर्तींची घडण स्वतः सुचवली. एक आपल्या आगरी कोळणीच्या दागिन्यांची, आणि एक बाळगणपती, मीठ भरलेल्या टोपलीजवळ बसलेला. पेणच्या बाजूला मिठागरं होती ना, त्याची आठवण म्हणून. कारखानदाराने साचा करून दिला. बाळगणपती चांगला जातो. दुसरा तेवढा जात नाही, दागिने रंगवायला फार वेळ लागतो आणि भाव वाढतो.

त्या साठ मूर्तींचं काय झालं? चतुर्थीपर्यंत 52 गेल्या. कुणी साडेसहाशेला, कुणी पाचशेला, शेवटच्या दोन दिवसांत चारशेलाही दिल्या. जागरणाची मजुरी कुणालाच सुटली नाही, पण गटाच्या कर्जाचा हप्ता चुकला नाही. चुकणार होता, एकीने आपली बांगडी ठेवली म्हणून नाही चुकला. तिचं नाव ती सांगू देत नाही. आठ मूर्ती राहिल्या. इंग्लंडच्या माणसाने पुढच्या वर्षी नक्की देतो म्हटलं होतं. पुढच्या वर्षी त्याची ऑर्डर आली नाही.

आम्ही त्याला दोष देत नाही. त्याने त्याच्या रोजच्या भाषेत लिहिलं. ‘नॉक ऑफ’ हा बोलीतला, घरगुती शब्द आहे. बँकेच्या साहेबाला, सरकारी कचेरीत कुणी असं लिहीत नाही. ओळखीच्या माणसाशी लिहितो तसं त्याने आम्हाला लिहिलं. म्हणजे खरं तर त्याने आम्हाला आपलं समजलं. आणि आपलं समजलेल्या माणसाला ‘अहो, हे कळलं नाही’ असं विचारायची आम्हाला लाज वाटली. पहिल्यांदा परदेशची ऑर्डर मिळाली होती. विचारलं तर त्याला वाटेल या बायांना एवढंही येत नाही, पुढे काम देणार नाही. म्हणून भाच्याला विचारलं, फोनला विचारलं, ज्याने लिहिलं त्याला सोडून सगळ्यांना विचारलं. त्याला एक मराठी फोन केला असता तर अर्ध्या मिनिटात काम होतं. तो तर आमच्याशी मराठीतच बोलायचा!

आता आमची वही आहे. शंभर पानी, रेघांची. ऑर्डरचा कुठलाही बदल आला की तो तारखेसकट वहीत उतरतो, आणि गिऱ्हाइकाला उलट एकच ओळ जाते. त्यात आम्ही इंग्रजीची हुशारी दाखवत नाही. ‘आधी 120. आता एकूण किती नग?’ एवढंच. इंग्रजीत लिहायचं असलं तर बाईंनी दिलेलं वाक्य आहे, ‘प्लीज कन्फर्म फायनल टोटल’. त्याचं उत्तर आकड्यातच येतं. उत्तर आल्याशिवाय कच्चा माल उचलायचा नाही, हे आमच्यात ठरलेलं आहे. भाव बदलला तरी तसंच. कमी किती ते विचारत नाही, एका नगाला शेवटी किती रुपये देणार ते विचारतो.

काही जणी म्हणतात, सारखं विचारलं तर गिऱ्हाईक वैतागतं. वैतागतं, खरं आहे. एकाने आम्हाला ‘यस यस यस’ असं तीनदा लिहून पाठवलं होतं. पण त्याचा माल बरोबर गेला.

वहीच्या शेवटच्या पानांवर आम्ही असे शेपटीवाले शब्द लिहून ठेवतो. ‘कॉल ऑफ’ म्हणजे रद्द. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणं. हे दोन तर फार महत्त्वाचे, कारण एकात ऑर्डर गेलेली असते आणि दुसऱ्यात फक्त लांबलेली. ‘होल्ड ऑफ’ म्हणजे जरा थांबा, सुरू करू नका. ‘राउंड ऑफ’ म्हणजे वरचे सुटे पैसे सोडून आकडा पूर्ण करणं, हा तर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या तोंडी असतो. तुमच्या गटात कुणी शिवणकाम करत असेल, मसाले करत असेल, तर तुमचे शब्द वेगळे असतील. ते तुम्ही तुमच्या वहीत लिहा आणि आम्हालाही कळवा. आमच्यातली बारावीतली पोर हे पान सांभाळते. तिने त्याला ‘काढणे’ असंच नाव दिलंय.

भाचा आता पुन्हा यायला लागलाय. त्या आठ मूर्तींतली एक त्यानेच घरी नेली, दहा दिवस बसवली, आणि पूर्ण सातशे रुपये दिले. काकीने त्याला शंभर परत केले. म्हणाली, नॉक ऑफ.

परवा पुण्याच्या एका गिऱ्हाइकाचा मेसेज आलाय. ‘कॅन यू नॉक समथिंग ऑफ फॉर द प्लेन वन्स?’ प्लेन वन्स म्हणजे खडे न लावलेल्या, साध्या मूर्ती, त्यांचा भाव थोडा कमी करा. एवढं आता वाचताक्षणी कळतं. तरी आम्ही उलट विचारलंय, एका नगाला एकूण किती देणार, आकडा कळवा. उत्तर यायचंय. तोवर खडे चिकटवायचं काम थांबवून ठेवलंय.